आमचा पंप खडे खात होता

नरकचतुर्दशीच्या पहाटे अंगाला तेल-उटणे लावून पाटावर बसावे, नळाची तोटी फिरवावी, आणि पाण्याऐवजी नळातून नुसता एक लांबलचक सुस्कारा यावा! हा प्रसंग ज्याच्यावर ओढवला असेल त्यालाच त्या दिवशीची माझी अवस्था कळेल. २०२४ सालच्या दिवाळीतली ही गोष्ट. ३१ ऑक्टोबर, पहाटेचे पाच. पाटाभोवती रांगोळी, दारात पणती, समोर फोडायचे कारीट, आणि मध्ये तेलाने निथळणारा, पंचा नेसलेला मी. "अहो, वर टाकीत पाणीच नाही म्हणतात," अशी बातमी सौभाग्यवतींनी आणली तेव्हा मजल्यावरची तिन्ही दारे उघडली होती आणि प्रत्येक दारात माझ्यासारखाच एकेक तेलकट गृहस्थ उभा होता.

पुण्यातली आमची सोसायटी जुनी आहे. चार मजले, चोवीस बिऱ्हाडे. महापालिकेचे पाणी जमिनीखालच्या टाकीत येते. तेथून पाच अश्वशक्तीचा पंप ते गच्चीवरच्या टाकीत चढवतो आणि मग ते आपल्या वजनाने घरोघरच्या नळांना उतरते. पूर्वी पंप दोन होते. एक बिघडला, तो दुरुस्त करायचे राहून गेले, आणि पुढे त्याचेच सुटे भाग काढून दुसऱ्याला बसवण्यात आले. अशा रीतीने चोवीस कुटुंबांची आंघोळ, स्वयंपाक आणि धुणी-भांडी एकाच पंपाच्या जिवावर चालली होती. तो पंप त्या दिवशी पहाटे चार वाजता जळाला. पंपाच्या खोलीत धूर कोंडला होता आणि जळक्या वार्निशचा वास जिन्यापर्यंत आला होता.

खालची टाकी मात्र काठोकाठ भरलेली होती! पायाखाली पाणी आणि नळ कोरडे. दिवाळीच्या दिवसांत मोटरचे वाइंडिंग करणारा मेस्त्री कुठून मिळणार? बादलीला दोर बांधून टाकीतून पाणी शेंदायचे आणि जिने चढायचे, एवढाच मार्ग उरला.

एक ठराव

त्याच दिवशी सकाळी नऊ वाजता, कोणी अर्धी आंघोळ करून तर कोणी तशीच, कमिटीची तातडीची सभा वाहनतळावर भरली. मी सोसायटीचा चिटणीस. चौतीस वर्षे लेखापरीक्षणाच्या खात्यात घालवून निवृत्त झालेला माणूस. दुसऱ्यांच्या वह्यांतले बारीक बारीक फरक शोधण्यात माझी हयात गेली, आणि त्याचा मला थोडा अभिमानही होता.

"पंप असा एकाएकी जळतोच कसा?" अध्यक्षांनी विचारले.

"पंपावर माणूस ठेवलाय तो कशाला?" कोणीतरी म्हणाले.

सगळ्यांच्या माना मामांकडे वळल्या. मामा म्हणजे आमचे पहारेकरी, माळी आणि पंपवाले. सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातून आलेले. तरुणपणी गावाकडे विहिरीवरचे तेलाचे इंजिन चालवलेले. त्यांचे नाव सोसायटीच्या पगारपत्रकात आहे, पण लहानथोर सारे त्यांना मामाच म्हणतात.

"सायेब, म्या सांगितलं व्हतं," मामा हळूच म्हणाले.

"मामा, तुम्ही केव्हा सांगितलेत? आणि कोणाला?" अध्यक्षांचा आवाज चढला. मामांनी एकवार माझ्याकडे पाहिले आणि मान खाली घातली. मी काही बोललो नाही. खरे सांगायचे तर त्या क्षणी मला काही आठवलेच नाही, किंवा आठवावेसे वाटले नाही.

ठराव झाला. इतिवृत्ताच्या वहीत माझ्या वळणदार अक्षरात मी लिहिले: "पंपचालकाच्या हलगर्जीपणामुळे पंप एकाएकी निकामी झाला. सबब त्यास १ डिसेंबरपासून कामावरून कमी करण्यात यावे."

तिसऱ्या मजल्यावर एक बाळंतीण होती. बाळ अवघे बारा दिवसांचे. पुढचे चार दिवस तिच्या घरचे पाणी कोणी भरले असेल? ज्यांना आम्ही नुकतेच कामावरून कमी केले होते, त्या मामांनी. पहाटे दोन बादल्या, दुपारी दोन, संध्याकाळी दोन. साठी उलटलेला माणूस प्रत्येक मजल्यावर बादल्या टेकवून दम खायचा आणि पुन्हा चढायचा. मी ते जिन्यात दोनदा पाहिले. दोन्ही वेळा मी घाईत असल्यासारखे दाखवून खाली उतरलो.

मेस्त्रींनी पंप उघडला

३ नोव्हेंबरला भाऊबीज होती. माझी पुतणी माझ्या मुलाला ओवाळायला आली. ती एका कारखान्यात यंत्रांच्या देखभालीचे काम पाहते. पाण्याची कथा ऐकून ती हसली नाही. म्हणाली, "काका, पंप एकाएकी जळत नाही. आजारी पडतो, कण्हतो, सांगतो, आणि कोणी ऐकलेच नाही तर मग जातो. जेवणाआधी बघून येऊ." तिच्या ओळखीचे एक म्हातारे मेस्त्री भाऊबीजेचा दिवस असूनही तासाभरासाठी आले. आम्ही तिघे पंपाच्या खोलीत उतरलो. मामा दाराशी उभे राहिले.

मेस्त्रींनी नटबोल्ट सोडवले आणि आतला इंपेलर, म्हणजे पाणी भिरकावणारे चक्र, माझ्या हातात दिले. त्याच्या पात्यांच्या मुळाशी वाळवी लागलेल्या लाकडासारखी बारीक बारीक भोके पडली होती.

"याने खडे खाल्लेत," मेस्त्री म्हणाले.

माझ्या हातातले चक्र एकदम जड झाले. हेच वाक्य मी आधी ऐकले होते. श्रावणातला पहिला सोमवार. मी देवळातून परतत होतो. मामा फाटकाशी आडवे आले आणि म्हणाले, "सायेब, पंप खडं खातोय बघा. कालपास्नं कडकड वाजतोय." मी मोठ्या उत्साहाने खाली गेलो, टाकीचे झाकण उघडवले, विजेरी मारून पाहिले. खडे कुठेच नव्हते. "मामा, तुमच्या कानात खडे गेलेत," असे मी म्हणालो आणि तो विनोद घरीही सांगितला.

"खडे नव्हतेच काका," पुतणी म्हणाली. "ते पाणीच होते. उकळणारे."

थंड पाणी उकळते तेव्हा

वाचकहो, हा प्रकार नीट समजून घेण्याजोगा आहे. महाबळेश्वरला साध्या पातेल्यात डाळ लवकर शिजत नाही हे गृहिणींना ठाऊक असते. तेथे हवेचा दाब कमी, म्हणून पाणी १०० अंशांपर्यंत तापण्याआधीच, ९५-९६ अंशांच्या आसपास उकळू लागते. कुकरमध्ये याच्या उलट घडते. दाब वाढतो, पाणी जास्त तापते आणि डाळ झटपट शिजते. म्हणजे पाण्याचे उकळणे जेवढे विस्तवावर, तेवढेच दाबावरही अवलंबून. दाब पुष्कळच उतरवला तर ३० अंशांचे, हाताला गार लागणारे पाणीसुद्धा उकळते. त्यासाठी दाब नेहमीच्या हवेच्या सुमारे चोविसाव्या हिश्श्यापर्यंत खाली यावा लागतो.

आता पंपाकडे या. पंप पाणी ओढतो तेव्हा त्याच्या तोंडाशी दाब उतरतो. ओढण्याची वाट मोकळी असेल तर फारसे बिघडत नाही. पण शहाळ्यातल्या नळीच्या तोंडाशी मलई अडकली की आपले गाल कसे आत जातात! तसेच पंपाचे होते. आमच्या टाकीत बुडालेल्या पाइपाच्या टोकाला फूटव्हॉल्व्ह आणि त्याची जाळी आहे. पावसाळ्यातला गाळ आणि प्लॅस्टिकच्या पिशवीचा एक तुकडा त्या जाळीवर बसला होता. पंप ओढत राहिला, दाब उतरत गेला, आणि चक्राच्या तोंडाशी पाणी उकळून वाफेचे बारीक बुडबुडे होऊ लागले. हे बुडबुडे पात्यांवरून पुढे जास्त दाबाच्या जागी गेले की फटकन मिटतात. मिटताना प्रत्येक बुडबुडा धातूवर एक सूक्ष्म हातोडा मारतो. असे असंख्य हातोडे एकसारखे बसू लागले की बाहेर आवाज येतो तो हुबेहूब पंपातून खडी जात असल्यासारखा.

भल्याभल्यांना या बुडबुड्यांनी चकवले आहे. चार्ल्स पार्सन्स यांची 'टर्बिनिया' ही वाफेच्या टर्बाइनवर चालणारी पहिली नौका १८९४ साली पाण्यात उतरली, तेव्हा इंजिनात जोर असूनही तिला अपेक्षित वेग येईना. तिचा पंखा पाणी कापण्याऐवजी बुडबुड्यांतच फिरत होता. पुढे एका पंख्याऐवजी तीन दांड्यांवर प्रत्येकी तीन पंखे बसवल्यावर हीच नौका १८९७ साली, राणी व्हिक्टोरियाच्या हीरकमहोत्सवी आरमारी संचलनात, सुमारे ३४ नॉट वेगाने सर्वांच्या डोळ्यांदेखत धावली. मिटणारा बुडबुडा केवढा दाब निर्माण करतो याचे गणित लॉर्ड रॅले यांनी १९१७ साली मांडले. आणि आमच्या मामांनी, यातले काही न वाचता, केवळ कानाने ऐकून अचूक निदान केले होते. इंजिनिअर लोकही या आवाजाला खडीचीच उपमा देतात, असे पुतणीने सांगितले.

जाळी साफ करायला किती वेळ लागला असता? मेस्त्रींनी सांगितले, दोन तास.

थेंब बंद केले, रिले वाढवला

मेस्त्रींनी आता दांड्याभोवतीची ग्लँड उघडली. पंपाचा दांडा जेथून बाहेर येतो तेथे पाणी गळू नये म्हणून वेटोळे करून एक चिकट दोरी ठासलेली असते. तिला ग्लँड दोरी म्हणतात. आमची दोरी कोळशासारखी काळी पडली होती आणि आतल्या नळकांड्यावर खोल चरे पडले होते.

"ही एवढी कोणी आवळली?" मेस्त्रींनी विचारले.

पुन्हा मीच. गणपतीच्या दिवसांत मामा म्हणाले होते, "सायेब, ग्लँड जास्त गळायला लागलीया, दोरी बदलाया पायजे." नवी दोरी म्हणजे खर्च. मी म्हणालो, "बोल्ट आवळा की! पाण्याचा थेंबन् थेंब मोलाचा." मामा म्हणाले, "थोडं गळू द्यावं लागतं, सायेब." मला हा आळशीपणा वाटला. समोर उभे राहून मी बोल्ट आवळून घेतले. गळती पार थांबली तेव्हा मला केवढे समाधान वाटले होते!

पण अशा ग्लँडमधून मिनिटाला चाळीस-साठ थेंब पडायलाच हवेत. त्या थेंबांनीच दोरी थंड राहते आणि दांडा सहज फिरतो. थेंब तोडले की दोरी कोरडी होते, दांडा घासतो, तापतो आणि मोटरवर भार पडतो. ज्या नव्या पंपांत दोरीऐवजी मेकॅनिकल सील असते, त्यांचा नियम उलटा. तेथे गळती दिसली की सील गेले असे समजावे. आपल्या पंपात काय आहे हे मालकाला ठाऊक असले पाहिजे. आम्हाला ते ठाऊक नव्हते, पण मामांना होते.

मग मेस्त्रींनी स्टार्टरचे झाकण काढले. मोटर साडेसात अँपिअरची. भार वाढला, विजेचा प्रवाह ठरावीक मर्यादेपलीकडे गेला, की मोटर आपोआप बंद पाडणारा एक रिले स्टार्टरमध्ये असतो. त्याचा काटा साडेसातवर हवा. तो दहावर होता. मेस्त्रींनी नुसते माझ्याकडे पाहिले. एव्हाना त्यांना कोणाला विचारायचे ते समजले होते.

घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी मामा वर आले होते. "सायेब, पंप दोनदा बंद पडला. त्येला काय तरी होतंय." मी वायरमनला बोलावले. त्याने रिले वाढवून दिला. "आता नाही पडणार बंद," तो म्हणाला, आणि खरेच, त्यानंतर पंप बंद पडला नाही. पुढचे काही आठवडे साडेनऊ अँपिअर ओढत तो राबत राहिला. मोटरच्या तारांवरच्या वेष्टनाचा एक सर्वसाधारण नियम आहे: तापमान सोसण्याच्या मर्यादेपेक्षा दर १० अंशांनी वाढले की वेष्टनाचे आयुष्य निम्मे होते. राखणदार कुत्रा भुंकतो म्हणून त्याच्या तोंडाला फडके बांधावे आणि रात्री शांत झोप लागली म्हणून खूश व्हावे, तसे मी केले होते.

भिंतीवरचा जमाखर्च

मेस्त्री हात पुसत होते. पुतणी खोलीत इकडेतिकडे पाहत होती. "काका, हे कोणी लिहिले?" तिने विचारले.

दारामागच्या भिंतीवर खडूने आकडे लिहिलेले होते. रांगाच रांगा. डावीकडे तारीख, उजवीकडे एक आकडा. मामा संकोचून म्हणाले, "टाकी खालच्या पट्ट्यापास्नं वरच्या पट्ट्यापातुर भराया किती मिन्टं लागत्यात, त्ये. इंजिनावर व्हतो तवापास्नं सवं हाय."

मी चष्मा पुसला आणि वाचू लागलो. आषाढात ४२, ४२, ४३, ४२. पाच ऑगस्टला, श्रावणातल्या पहिल्या सोमवारी, ४५. गणेशचतुर्थीला ४९. घटस्थापनेला ५३. कोजागिरीला ५७. वसुबारसेला ६१. आणि तीन तारखांपुढे एकेक फुली.

"फुली कशाची, मामा?"

"त्या दिवशी वर येऊन सांगितलं, त्येची."

वाचकहो, आकड्यांचा एक स्तंभ वरून खाली वाचला की त्यात काय शिजते आहे ते मला वासाने कळते, अशी माझी खात्यात ख्याती होती. आणि माझ्याच घराखाली, माझ्याच पंपाचा, इतका स्वच्छ, इतका प्रामाणिक हिशेब तीन महिने लिहिला जात होता आणि मी तो एकदाही वाचला नव्हता. तेवढ्याच पाण्याला जवळजवळ दीडपट वेळ लागत होता, म्हणजे विजेचे बिलही वाढलेच असणार. वर जाऊन फाइल काढली. बिले वाढली होती. प्रत्येक बिलावर "तपासले" असा शेरा होता आणि त्याखाली माझी सही.

दर महिन्याला पंप उघडावा काय?

दुसऱ्या दिवशी कमिटीपुढे मी सगळे सांगितले. प्रथम कोणी काही बोलेना. मग नेहमीप्रमाणे दुसरे टोक गाठले गेले. "आता दर महिन्याला पंप पूर्ण उघडून तपासायचा!" असा ठराव कोणीतरी मांडला. पुतणीला मी फोन लावून दिला. तिने सगळ्यांना ऐकू जाईल असे सांगितले, "असे मुळीच करू नका."

तिचे म्हणणे असे. यंत्र जुने झाले की बिघडते आणि वेळेवर उघडून भाग बदलले की बिघडत नाही, अशी पुष्कळ वर्षे समजूत होती. विमानांच्या देखभालीचा अभ्यास करून नोलन आणि हीप या दोघांनी १९७८ साली अमेरिकेच्या संरक्षण खात्यासाठी एक अहवाल लिहिला. त्यात विमानाच्या भागांपैकी फार थोड्यांच्या बाबतीत, सुमारे ११ टक्क्यांच्याच, वय वाढले की बिघाडाची शक्यता वाढते असे दिसले. उलट कित्येक भागांच्या बाबतीत बिघाडाचा धोका नवे बसवल्यानंतर लगेचच अधिक होता. चांगला चालणारा पंप विनाकारण उघडला तर दांडा वाकडा बसतो, धूळ शिरते, एखादा बोल्ट ढिला राहतो. म्हणून उघडायचे ते लक्षण दिसल्यावर. आणि लक्षणे पाहायची ती रोज.

ही लक्षणे एकामागून एक येतात. बेअरिंगचेच पाहा. त्यात पहिला ओरखडा पडतो तेव्हा निघणारा आवाज इतका बारीक असतो की माणसाच्या कानाला ऐकूच येत नाही. तो पकडायला यंत्र लागते. नंतर थरथर वाढते. मग कानाला घरघर ऐकू येते. त्यानंतर बेअरिंग तापते. आणि शेवटी धूर. कान ऐकतो तेव्हा अजून थोडी सवड असते. हाताला चटका बसतो तेव्हा ती फारशी उरलेली नसते. आम्ही धुरापर्यंत थांबलो.

तुमच्या पंपासाठी

ज्यांच्या इमारतीत पंप आहे, आणि आज शहरात तो कोणाच्या नाही, त्यांच्यासाठी पुतणीने आणि मेस्त्रींनी सांगितलेले येथे देतो. त्याला फार यंत्रे लागत नाहीत.

पहिले म्हणजे वेळ. टाकी एका ठरावीक खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंत भरायला किती मिनिटे लागतात ते रोज लिहावे. एखाद्या दिवशीच्या आकड्याने घाबरू नये. वापर चालू असेल तर दोन-चार मिनिटे इकडेतिकडे होतातच. पण आठवडाभर आकडा चढतच राहिला तर फूटव्हॉल्व्हची जाळी, ओढणाऱ्या पाइपात हवा शिरते का, आणि इंपेलरची झीज, या क्रमाने पाहावे. आधी स्वस्ताचे आणि मग महागाचे.

दुसरे म्हणजे विजेचा प्रवाह. स्टार्टरवर अँपिअरचा काटा नसेल तर बसवून घ्यावा. काटा नेहमीपेक्षा वर गेला तर काहीतरी घासते आहे किंवा विजेचा दाब उतरला आहे. या जातीच्या पंपात काटा नेहमीपेक्षा खाली आला तरी आनंद मानू नये. पाणी कमी जात असले म्हणजे प्रवाहही कमी होतो. रिले बंद पाडतो तेव्हा कारण शोधावे, रिलेला हात लावू नये. आणि तीन फेजपैकी एक गेली तर मोटर नुसती गुणगुणते. तेव्हा क्षणही न दवडता ती बंद करावी.

तिसरा आवाज. मामा एका लाकडी दांडक्याचे टोक बेअरिंगच्या घरावर टेकवून दुसरे कानाशी धरतात. डॉक्टरांच्या नळीसारखेच ते. निरोगी पंपाचा आवाज आधी ओळखीचा करून घ्यावा, कारण तो ठाऊक असल्याशिवाय आजारी आवाज कळत नाही. खडखड आली तर ओढण्याची बाजू तुंबली असे समजावे. बारीक शीळ किंवा घरघर आली तर बेअरिंग पाहावे.

चौथी थरथर आणि ऊब. पुतणीने पेनासारखे एक थरथर मोजायचे यंत्र आणले होते. आपल्या घरगुती पंपांएवढ्या लहान यंत्रांत थरथरीचा वेग सेकंदाला १.८ मिलिमीटरच्या आत असला तर ठीक, ४.५ च्या वर गेला तर पंप चालवूच नये, असा तिचा हिशेब. यंत्र नसले तरी पायाचे बोल्ट ढिले झालेत का ते पाहता येते. बेअरिंगच्या घरावर हात ठेववेनासा झाला तर तापमान ६० अंशांच्या आसपास पोचले असे समजावे. मात्र फिरत्या कपलिंगजवळ सैल कपडे, पदर किंवा मुले कधीही नसावीत, आणि स्टार्टरचे झाकण जाणकार वायरमननेच वीज बंद करून उघडावे.

पाचवे सर्वांत सोपे आणि आम्हाला सर्वांत अवघड गेलेले. पंपाजवळ जो माणूस रोज असतो, त्याने "काहीतरी वेगळे वाटते" असे म्हटले तर त्याच दिवशी खाली उतरून पाहावे. त्याला योग्य शब्द सापडले नाहीत तरी चालेल.

वहीतली दुरुस्ती

मोटरचे वाइंडिंग, दोन बेअरिंगे, इंपेलर, नळकांडे आणि मजुरी मिळून एकवीस हजार सहाशे रुपये झाले. ते सोसायटीने भरले. कोपऱ्यातला दुसरा पंपही आता दुरुस्त होऊन आला आहे आणि दोन्ही आळीपाळीने चालतात. पण एक खाते अजून मिटायचे होते.

हिशेबाच्या वहीत चूक झाली तर ती खोडरबराने पुसायची नसते आणि पानही फाडायचे नसते. चुकीच्या ओळीवरून एक सरळ रेघ मारायची, अशी की जुने अक्षर वाचता यावे. वर बरोबर मजकूर लिहायचा आणि तारखेसह सही करायची. चौतीस वर्षे मी हेच इतरांना शिकवले. इतिवृत्ताच्या वहीत मी लाल शाईने रेघ मारली आणि लिहिले: "पंपचालकाने तीन वेळा पूर्वसूचना दिली होती. चिटणिसाने ती दुर्लक्षिली." खाली सही केली आणि वही घेऊन मामांच्या खोलीवर गेलो. सगळा मजकूर त्यांना वाचून दाखवला.

मामा बराच वेळ गप्प होते. मला वाटले, आता रागावतील. त्यांनी रागवावे असेही मला वाटत होते. पण ते म्हणाले, "चूक माझीबी हाय, सायेब. मला नीट सांगता आलं न्हाई."

हे वाक्य मी विसरू शकत नाही. तीनदा जिने चढून सांगणाऱ्या माणसाला, आपल्याला सांगता आले नाही असे वाटावे!

आता ते आकडे दारामागच्या भिंतीवर राहिलेले नाहीत. फाटकातून आत आल्याबरोबर, सूचनाफलकाच्या शेजारी, एक काळा फळा लावला आहे. मामा रोज सकाळी त्यावर मिनिटे लिहितात. शाळेत जाणारी मुले मोठ्याने वाचतात. तिसऱ्या मजल्यावरचे ते बाळ आता चालू लागले आहे. त्याची आई त्याला कडेवर घेऊन फळ्यापाशी थांबते.

गेले कित्येक महिने आकडा ४१-४२ वर आहे. हा लेख पुरा करत होतो तेवढ्यात खालून मामांची हाक आली, "सायेब, आज चवेचाळीस!"

मी टेबलावरचा चष्मा उचलला आणि खाली निघालो.